शिडीवरून पडणं: साइटवर नवीन आलेल्या सुपरवायझरसाठी

डिप्लोमा झाला, लातूर-नांदेडकडं साइट मिळाली, की सळई, मापं, बिलं सगळे शिकवतात. शिडी मात्र बिगारी आणून टेकवतो. बऱ्याचदा माणसाचा पाय निसटतच नाही, खाली शिडीचा सरकतो.

हिशेब चारास एकचा. शिडी १२ फुटांवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून ३ फूट हवा. जास्त लांब ठेवली तर घसरते, फार उभी केली तर माणसासकट मागं येते. शिडीचं डोकं स्लॅबच्या वर ३ फूट निघू द्या आणि दोरीनं बांधा. बांधून होईपर्यंत खाली एकानं धरून उभं राहायचं. पावसात काळ्या मातीत एकच पाय रुततो आणि शिडी कलते, म्हणून खाली रुंद फळी घाला. उंची कमी पडली म्हणून विटा रचणं बंद.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, शिडीचा बांबू आकसतो आणि बांधलेल्या गाठी सैल पडतात. रोज सकाळी प्रत्येक पायरी हातानं पिळून बघा. खिळा ठोकलेला बांबू खिळ्यापाशीच चिरतो.

चढताना दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, असे तीन कायम टेकलेले हवेत. घमेलं दोरीनं वर घ्या. गिलाव्याला शिडी नको, परांचीच (उभं राहायचा मचाण) बांधा. ‘अर्ध्या तासाचं तर काम आहे’ म्हणणारा मुकादम प्रत्येक साइटवर भेटतो, त्याचं ऐकू नका. विजेच्या तारेजवळ ॲल्युमिनियमची शिडी नकोच; ओला बांबूही वीज वाहतो.

कुणी पडलाच तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं सगळ्यांत वाईट, त्यात मोडलेला मणका हलतो. १०८ लावा. हलवणं भागच असेल तर चौघांनी मान-पाठ एका रेषेत धरून प्लायवुडच्या फळीवर घ्या. पायांवर पडलेल्याची टाच मोडते आणि तोच दणका कमरेच्या मणक्यापर्यंत जातो. त्यामुळं नुसती टाच दुखते म्हणाला तरी डॉक्टरांना उंची सांगा, कंबर तपासायला लावा. डोक्याला मार असेल तर तो बोलतोय म्हणून घरी सोडू नका. उलटी, गुंगी काही तासांनीही येते.

मजुरांची बांधकाम कामगार मंडळाकडं नोंदणी आधीच करून ठेवा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम, एवढं लागतं. साइट बदलत फिरणाऱ्या मजुराला तो ९० दिवसांचा दाखलाच मिळत नाही, म्हणून हजेरीवहीत त्याचं पूर्ण नाव लिहा.