उझबेक घरी जेवायला जाताना या चुका टाळा

ताश्कंद, समरकंद, बुखारा फिरताना कुणीतरी घरी बोलावण्याची शक्यता दाट असते. भारतातून आलात म्हटल्यावर राज कपूर, मिथुन यांची नावं निघतात आणि चहाचं आमंत्रण येतं. जरूर जा, पण थोडी तयारी करून.

सर्वांत जास्त घोळ शाकाहारी मंडळींचा होतो. आमंत्रण आनंदाने स्वीकारायचं आणि पलावचं, म्हणजे मांस घातलेल्या भाताचं, ताट समोर आल्यावर ‘आम्ही खात नाही’ म्हणायचं, हे यजमानाला फार लागतं. पाहुण्यासाठी त्या घरात सकाळपासून खपणं चाललेलं असतं. ‘मांस बाजूला काढून देतो’ असं ते मनापासून सुचवतात, पण भात मांसाबरोबरच शिजलेला असतो, बऱ्याचदा मेंढीच्या चरबीत. भोपळ्याच्या सामशातही (समोशासारखा भाजलेला पदार्थ) चरबी असू शकते. म्हणून आमंत्रण येताक्षणीच सांगा: ‘मेन गोश्त येमायमन’, मी मांस खात नाही. सांगायचं राहून गेलंच, तर ताट दूर सारू नका. छातीवर हात ठेवून माफी मागा आणि नान, टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, फळं, सुकामेवा आवडीने खा. काहीच न खाता उठणं मात्र वाईट दिसतं.

नानला तिथे फार मान आहे. ती उलटी ठेवायची नाही, जमिनीवर टाकायची नाही. घरी सहसा सुरीही लावत नाहीत. घरातलं वडीलधारं माणूस हाताने तोडून सगळ्यांपुढे ठेवतं. चुकून उलटी ठेवली गेली तर लगेच सरळ करा, तेवढं पुरतं.

चहा पियोल्यात, म्हणजे बिनकानाच्या वाटीसारख्या कपात, अर्ध्याहून कमी ओततात. त्याचा राग मानू नका आणि ‘भरून द्या’ असंही म्हणू नका. थोडा ओतला की तो गरम राहतो आणि यजमानाला पुन्हापुन्हा ओतून तुमची सरबराई करता येते. पियोला उजव्या हाताने घ्या, डावा छातीवर असू द्या.

चपला दाराशीच काढायच्या, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण दस्तरखान, म्हणजे जेवणासाठी अंथरलेलं कापड, ओलांडून पलीकडे जाऊ नका, जागा कितीही अडचणीची असली तरी. दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची. तिथे बसवलं तर फार आढेवेढे न घेता बसा. पुरुषांनी बाईपुढे आपणहून हात करू नये. छातीवर हात ठेवून ‘अस्सलोमु अलयकुम’ म्हणावं. जेवणानंतर सगळे ओंजळ धरून दुवा मागतात आणि चेहऱ्यावरून हात फिरवतात. तेव्हा शांत बसा, मध्येच फोटो काढू नका.

गप्पांत एक विषय जपून हाताळावा, तो तैमूरचा. 1398 साली दिल्ली लुटणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. तिथे मात्र तो राष्ट्रपुरुष आहे, ताश्कंदच्या मध्यवर्ती चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. जेवताना हिशेब मागण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही. बाबराचा जन्म अंदिजानचा, त्याच्याबद्दलही तसंच. त्यापेक्षा लालबहादूर शास्त्रींचं नाव काढा. 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंदमध्येच त्यांचं निधन झालं आणि शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आणि स्मारक आहे. तिथे जायचा रस्ता यजमानालाच विचारा.