बिबट्याच्या गावांत काम करायला येणाऱ्यांसाठी

वन्यजीवांसाठी काम करायचंय म्हणणारी बहुतेक मुलं ताडोबाचं नाव घेतात. मी त्यांना सांगते, जुन्नरला या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसाच्या आडोशाला बिबट्याच्या पिढ्या जन्मल्या. इथे बिबट्या पाहायला कुणी येत नाही, तो दिसू नये म्हणून लोक देवाला हात जोडतात. माझं काम याच गावांतल्या शाळांमध्ये, वस्त्यांवर आणि ऊसतोडीच्या फडांवर चालतं.

पहिली गोष्ट. गावात गेल्या गेल्या ‘बिबट्या निसर्गाचा महत्त्वाचा घटक आहे’ असं भाषण करू नका. या तालुक्यांत माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. अशा घरात तुम्ही अन्नसाखळी समजावायला बसलात तर गाव तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. आधी ऐका. बिबट्या कुठल्या ओढ्याने उतरतो, कुठल्या वस्तीवरची कुत्री नाहीशी झाली, हे मळ्यातल्या आजीला पक्कं ठाऊक असतं. डोंगराकडच्या महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमध्ये वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघाशेजारी राहण्याचा त्यांचा अनुभव आपल्या पदवीपेक्षा फार जुना आहे.

‘पिंजरा लावा’ ही मागणी प्रत्येक सभेत येईल. तिला उत्तर देण्याआधी इथला इतिहास वाचून घ्या. 2001 नंतर जुन्नरमध्ये मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार त्याआधी वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, ते 2001 ते 2003 या काळात 17 वर गेले. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडावाच लागतो, त्यात दुमत नाही. पण नुसता दिसला म्हणून पकडून लांब सोडला, तर अनोळखी जागेत सापडलेलं जनावर आणि तिथली बेसावध माणसं, दोघंही धोक्यात येतात. हे आकडे सभेत फेकू नका. सभा संपल्यावर पारावर चार जण उरतात, त्यांच्याशी बोला.

शाळेत मी प्राण्यांच्या चित्रांपेक्षा मुलांच्या दिवसाबद्दल जास्त बोलते. शाळेतून मळ्यात कसे जाता? अंधार पडल्यावर परसाकडे कोण एकटं जातं? वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो, हे मुलांना एकदा करून दाखवलं की ती घरी जाऊन सगळ्यांना सांगतात. घोळक्याने चाला, मोठ्याने बोला, बॅटरी आणि काठी ठेवा, बिबट्या दिसला तर पळू नका.

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित वर्ग ऊसतोड मजुरांचा. बीडकडून टोळ्या येतात, शेताच्या कडेलाच कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडतात. कोपीला दार नसतं, आई-बाप पहाटे फडात आणि तान्हं पोर बांधावर झोळीत. यांना गावाच्या सभेचं बोलावणं जात नाही. टोळी आणणाऱ्या मुकादमाला आधी भेटा, मग जेवणाच्या सुट्टीत फडावरच बोला. मुलांना एकटं ठेवू नका म्हणताना ती ठेवायची कुठे, याची सोय कारखान्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे मागणं हेही आपलंच काम आहे.

तोडणीत बछडे सापडतात. तेव्हा फोटोसाठी हातात घ्यायचे नाहीत, गावात न्यायचे नाहीत, काम थांबवून वनखात्याला कळवायचं. 1926 हा क्रमांक प्रत्येक टोळीत पाठ हवा. तपासणी करून बछडे संध्याकाळी त्याच जागी ठेवले की बहुतेकदा मादी येऊन घेऊन जाते. इथे हे अनेकदा यशस्वी झालंय.

काही कामं कुठल्याच अभ्यासक्रमात नसतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहाराचा वजनाने 87 टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात 39 टक्के एकटी कुत्री. उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, म्हणून त्या कोंबड्या हाही संवर्धनाचाच प्रश्न. शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते म्हणून शेतकरी रात्री पाणी धरायला जातो, तेव्हा दिवसा थ्री-फेज वीज हाही. शेळी मारली गेली तर जागेवरून न हलवता लगेच कळवायचं, पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्यायचा. भरपाईचा एक अर्ज नीट भरून दिलात तर दहा व्याख्यानांपेक्षा जास्त विश्वास मिळतो.

शिक्षणाचं विचाराल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे, बंगळुरूचं नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस (एनसीबीएस) आहे, पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था आहे. पण समाजकार्य शिकलेली मुलं इथे तितकीच उपयोगी पडतात. दुचाकी चालवता यायला हवी, नोंदी रोज लिहायची सवय हवी. मानधन कमी असतं आणि प्रकल्पासोबत संपतं, घरी हे आधीच बोलून घ्या. विम्याचं आणि रात्रीच्या प्रवासाचं संस्थेला पहिल्याच दिवशी विचारा, विशेषतः मुलींनी.

यायचं तर पावसाळ्यात या. साखर कारखान्याचा बॉयलर पेटण्याआधी वनरक्षक, शिक्षक आणि मुकादम ओळखीचे झाले पाहिजेत. एकदा तोडणी सुरू झाली की फोन रात्रीही वाजतो.