वनस्पतिशास्त्र नव्याने शिकताय? हळकुंड, आवळा आणि सुरूपाशी होणाऱ्या या चुका टाळा

सांगली भागातल्या मुलांनी हळद लहानपणापासून पाहिलेली असते. लागण, काढणी, शिजवणी, यार्डातले सौदे, सगळं ओळखीचं. तरीही वर्गात हळकुंड हातात देऊन 'हा झाडाचा कुठला भाग?' असं विचारलं की बहुतेक जण 'मूळ' म्हणून मोकळे होतात. कारण सरळ आहे. ते जमिनीत वाढतं.

सुरुवातीच्या बहुतेक चुका याच वाटेने होतात. भाग कुठे सापडला, दिसतो कसा आणि आपण त्याचं काय करतो, यावरून मुलं त्याला नाव देतात. वनस्पतिशास्त्रात मात्र तो भाग झाडावर कुठल्या जागी फुटला, त्याच्या बगलेत (पान आणि खोड यांच्यामधल्या वरच्या कोपऱ्यात) काय आहे आणि तो स्वतः कुणाच्या बगलेत आहे, हे आधी बघायचं असतं. रंग, आकार, उपयोग हे सगळं त्यानंतर.

जमिनीखालचं सगळं मूळ नसतं

फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी चालू असताना ओल्या हळदीचा एक गड्डा मातीसकट घरी आणा. शिजवून, वाळवून पॉलिश केलेलं हळकुंड या कामाला चालत नाही, त्याच्या खुणा घासून गेलेल्या असतात. ओल्या हळकुंडावर थोड्याथोड्या अंतरावर गोल कडी दिसतील. काही कड्यांना तपकिरी, कागदासारखा पापुद्रा चिकटलेला असेल. तो पापुद्रा म्हणजे शल्कपर्ण, म्हणजे पानच. नखाने हळूच सोला. त्याच्या बगलेत बारीक टोकदार डोळा सापडेल, कधी फुगलेला, कधी जेमतेम जाणवेल एवढा. कडी म्हणजे पेर, दोन कड्यांमधलं अंतर म्हणजे कांडं, डोळा म्हणजे कक्षमुकुल. पेरं, पानं आणि पानाच्या बगलेत मुकुल ही खोडाची लक्षणं आहेत, मुळावर ती कधीच दिसत नाहीत. म्हणून हळकुंड हे जमिनीत आडवं वाढणारं खोड आहे. गड्ड्याला लोंबणारे बारीक तंतू ही हळदीची खरी मुळं. शेतकरी बेण्यासाठी जेठे गड्डे निवडताना डोळे शाबूत आहेत ना हे बघतो, तेव्हा तो खोडाचीच परीक्षा करत असतो.

आल्याला हाच न्याय. बटाट्याचे डोळेही पेरांवरच असतात. कांद्यात खोड म्हणजे तळाची चपटी चकती, आपण खातो ते पानांचे मांसल तळ.

रताळ्यापाशी मात्र हुशार मुलंही अडखळतात. रताळं ठेवून दिलं तर त्यालाही कोंब फुटतात. 'कोंब आले, म्हणजे डोळे आहेत, म्हणजे खोड' असा तर्क मुलं लावतात. नीट पाहिलं तर रताळ्यावर पेरं नाहीत, शल्कपर्णं नाहीत आणि कोंब कुठल्याही पानाच्या बगलेतून आलेले नाहीत. ते आगंतुक, म्हणजे ठरलेल्या जागेशिवाय कुठेही येणाऱ्या, मुकुलांतून फुटलेले असतात. रताळं हे साठा करून फुगलेलं मूळ आहे. बटाटा उजेडात हिरवा पडतो म्हणून तो खोड, हाही पुरावा धरू नका. उघडं पडलेल्या गाजराचा माथाही हिरवा होतो.

भुईमुगाची आकृती तपासताना एक चूक हमखास सापडते: शेंगा थेट मुळांना लटकवलेल्या. भुईमुगाचं पिवळं फूल जमिनीच्या वर, खालच्या पेरांवर पानाच्या बगलेत येतं. फलन झालं की अंडाशयाच्या बुडाशी वाढ सुरू होते आणि तयार झालेला देठासारखा लांब भाग, म्हणजे आरी, मातीत घुसतो. आऱ्या सुटल्या की शेतकरी भर लावतात ती याचसाठी. शेंग आरीच्या टोकाला धरते, म्हणजे ती फळ आहे. मुळांवर दिसणाऱ्या गाठी वेगळ्या, त्यांत नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात. आकृती काढताना आरी पेरापासून मातीपर्यंत सलग दाखवा.

पान कुठलं आणि फांदी कुठली

फोडणीत टाकायला आपण कढीपत्त्याची जी काडी तोडतो, ती अख्खी काडी म्हणजे एक पान. वरची हिरवी पानं म्हणजे त्या एकाच पानाचे भाग, पर्णिका. अशा पानाला संयुक्त पान म्हणतात. कडुनिंबाचं तसंच. शेवग्याच्या पानाची तर तीनदा विभागणी होते. पटायला एक साधी चाचणी आहे. पर्णिकेच्या बुडाशी मुकुल शोधा, सापडणार नाही. मग काडी जिथे खोडाला जोडली आहे तिथे शोधा, बगलेत मुकुल असेल. ज्याच्या बगलेत मुकुल, ते पान.

आता आवळ्याची बारीक काडी घ्या. दोन्ही बाजूंना ओळीने चिमुकली पानं, हुबेहूब संयुक्त पानासारखी. पानगळीत ती काडी अख्खीच गळून पडते, त्यामुळे 'पूर्ण गळते म्हणजे एकच पान' हा ठोकताळाही इथे फसतो. मुकुल इतकं बारीक की साध्या डोळ्यांना दिसत नाही. मग करायचं काय? झाड फुलावर येईपर्यंत थांबायचं. हिरवट पिवळी बारीक फुलं त्या चिमुकल्या पानांच्या बगलेत येतात आणि आवळेही तिथेच धरतात. संयुक्त पानाच्या पर्णिकेच्या बगलेत फूल येत नाही. म्हणजे आवळ्याची ती काडी फांदी आहे आणि तिच्यावरची पानं साधी आहेत. पुस्तकातल्या चित्रावरून हे पाठ करण्यापेक्षा आवळ्याखाली उभं राहून एकदा पाहिलं तर कायमचं डोक्यात बसतं, असं माझं ठाम मत आहे.

काट्यांचंही जागेवरूनच ठरतं. लिंबाचा काटा पानाच्या बगलेत येतो, म्हणून तो खोडाचं रूपांतर. बाभळीचे काटे पानाच्या बुडाशी जोडीने येतात, ती उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारे पानाचे छोटे भाग). गुलाबाचे काटे सालीवर कुठेही, कसल्याही क्रमाशिवाय येतात, ती फक्त वरच्या थराची वाढ. बोटाला तिन्ही सारखेच टोचतात, पण उत्तरपत्रिकेत तिघांना 'रूपांतरित पान' लिहू नका.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला जागेचं हे महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. द्राक्षवेलीवर बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा तणावा, पानाच्या बगलेत नसते, पानाच्या समोरच्या बाजूला असते. घडही त्याच जागी येतो. दोघांची सुरुवात एकाच प्रकारच्या उंचवट्यापासून होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काडीच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते बाहेर पडतात. अन्नसाठा कमी पडला, ढगाळ हवा राहिली की घडाची बाळी होते. बागेत गेलात तर अर्धी बाळी आणि टोकाला चार-दोन मणी अशी मधली रूपंही बघायला मिळतात. द्राक्षाची बाळी हे पानाचं रूपांतर नाही हे पटवायला याहून चांगला नमुना मला माहीत नाही. वाटाण्याचा तणावा मात्र पर्णिकांचा असतो, म्हणून 'तणावा म्हणजे अमुक' असं सरसकट सूत्र करू नका.

वाढ सगळीकडे सारखी होत नाही

रस्त्याकडेच्या कडुनिंबाला छातीच्या उंचीवर ठोकलेला खिळा दहा वर्षांनी किती वर गेलेला असेल? वर जातच नाही. उंची वाढते ती शेंड्याकडच्या विभाजी ऊतीमुळे (सतत विभागत राहणाऱ्या पेशींच्या समूहामुळे), खालचं खोड फक्त जाडीने वाढतं. ती जाडी कॅम्बियम नावाच्या थरामुळे येते आणि खिळा हळूहळू सालीत गडप होतो. नारळ, ऊस, मका यांच्या खोडात असा कॅम्बियमचा थर नाही, म्हणून नारळाच्या बुंध्यात वर्षावलयं मोजायला जाऊ नका.

'शेंडा खुडला की वाढ थांबते' हेही अर्धवट आहे. गवत कापलं तरी पुन्हा वाढतं, कारण त्याच्या पानांच्या आणि कांड्यांच्या बुडाशी आंतरीय विभाजी ऊती असते. वाऱ्याने लोळलेला ऊस काही दिवसांत टोकाकडून पुन्हा उभा होतो, तोही पेराजवळच्या वाढीमुळे. आडव्या उसाची खालची बाजू जास्त वाढते आणि शेंडा वर वळतो.

झाड माती 'खाऊन' मोठं होतं ही समजूत फार जुनी आहे. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट याने 200 पौंड कोरड्या मातीत विलोचं 5 पौंडांचं रोप लावून त्याला 5 वर्षं फक्त पाणी घातलं. झाड 169 पौंडांवर गेलं आणि मातीचं वजन जेमतेम 2 औंसांनी घटलं. 1648 साली छापलेल्या या नोंदीत त्याने सगळं श्रेय पाण्याला दिलं. आज आपल्याला माहीत आहे की सुक्या वजनातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. आणि झाडं श्वसन फक्त रात्री करतात असं लिहू नका, ती दिवसरात्र करतात.

वर्गीकरणात रूप फसवतं

सुरूला 'पाइनसारखा' म्हणून अनावृत्तबीजीत (फुलं-फळं नसलेल्या, उघड्या बियांच्या झाडांत) ढकलणं ही इथली नेहमीची चूक. सुरूची 'सुई' दोन बोटांत धरून ओढा, ती सांध्यावर सुटते. प्रत्येक सांध्यावर भिंगातून दातऱ्यांसारखी बारीक शल्कपर्णं दिसतात. म्हणजे सुई ही फांदी आहे. सुरूला फुलं येतात, तो आवृत्तबीजी (बी फळाच्या आत असणारा) आणि द्विबीजपत्री (बियात दोन दलं असणारा) आहे. बागेतला सायकस उलट ताडासारखा दिसतो आणि असतो अनावृत्तबीजी.

अळूच्या पानाच्या शिरा जाळीदार वाटतात म्हणून त्याला द्विबीजपत्री ठरवलं जातं. अळू, सुरण, कोनफळ, घोटवेल या एकबीजपत्री वनस्पतींची पानं समांतर शिरांच्या नियमात नीट बसत नाहीत. एका लक्षणावर निकाल देऊ नका, मुळं, फुलांच्या पाकळ्यांची संख्या आणि खोडाचा छेदही बघा.

कांदा-लसूण मसाल्यात पडणारं दगडफूल फूल नाही आणि वनस्पतीही नाही. ते शैवाक आहे, म्हणजे कवक आणि शैवाल यांचं सहजीवन. दसऱ्याच्या झेंडूची 'पाकळी' उपटून बघा, तळाशी तिचा स्वतःचा अंडाशय असतो. ती पाकळी नसून एक आख्खं पुष्पक, म्हणजे छोटं फूल आहे आणि झेंडू हा फुलोरा, म्हणजे अशा अनेक फुलांचा गुच्छ आहे. उंबराचा फुलोरा तर आतून पोकळ, फुलं सगळी आत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा लाल गर म्हणजे फुगलेलं पुष्पासन (फुलाचे भाग ज्यावर बसतात तो देठाचा माथा), आणि वरचा प्रत्येक पिवळा ठिपका हे एक फळ.

कुळांच्या नावांवरून गोंधळ उडाला तर घाबरू नका. जुन्या पुस्तकात साग व्हर्बिनेसीत, रुई ॲस्क्लेपिएडेसीत आणि काटेसावर बॉम्बॅकेसीत असते. आजच्या एपीजी (अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप) पद्धतीत ती अनुक्रमे लॅमिएसी, ॲपोसायनेसी आणि मालव्हेसीत गेली आहेत. अभ्यासक्रमात बेंथॅम आणि हूकर यांची 1862 ते 1883 मधली पद्धत असेल तर तिच्याप्रमाणे लिहा आणि पद्धतीचं नाव सोबत द्या.

प्रयोगवहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली अडतं तेव्हा

खोडाच्या पातळ छेदात वाहिन्यांचा (पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचा) नुसता गुंता दिसतोय? बहुधा तुम्ही पेरावर कापलंय. पानाकडे जाणाऱ्या वाहिन्या तिथे वळतात. कांड्याच्या मधोमध कापा, पातं ओलं ठेवा, आणि अख्खा गोल मिळवायचा हट्ट सोडा. पातळ पाव तुकडा जाड पूर्ण चकतीपेक्षा कितीतरी जास्त शिकवतो. मूळ की खोड याची शंका आली तर आधी तयार झालेल्या बारीक जलवाहिन्या कुठे आहेत ते बघा: मुळात बाहेरच्या बाजूला, खोडात आतल्या बाजूला.

कांद्याच्या मुळाग्रात पेशीविभाजन दिसत नाही, ही तक्रार दरवर्षी येते. कांद्याची जुनी वाळकी मुळं आधी खरवडून काढा. चकती पाण्याला जेमतेम टेकेल असा तो ठेवा, अर्धा बुडवला तर सडतो. नवी पांढरी मुळं आली की सकाळी तोडा. चूक बहुतेक वेळा पुढे होते: लांबलचक तुकडा काचपट्टीवर दाबला जातो. विभाजन चालतं ते टोकाच्या एक-दोन मिलिमीटरांत, जो भाग जास्त दुधाळ आणि अपारदर्शक दिसतो. तेवढाच ठेवा, बाकी काढून टाका. आणि बऱ्याचशा पेशी अंतरावस्थेत (दोन विभाजनांमधल्या काळात) दिसल्या तर स्लाइड बिघडली असं समजू नका, पेशीचा जास्तीत जास्त काळ त्याच अवस्थेत जातो.

नमुने गोळा करताना फूल किंवा फळ नसलेली फांदी आणू नका, तिच्यावरून ओळख पटवणं फार कठीण जातं. कास पठारावर तर काहीच तोडू नका. तिथे फुलं तोडायला बंदी आहे, आणि 2012 पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. साताऱ्याच्या नावावरून नाव मिळालेला वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, फोटोत आणि टिपणात आणा. असं शास्त्रीय नाव रोमन लिपीत लिहिताना प्रजातीच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं आणि जातीचं लहान, जातीचं नाव गावावरून आलेलं असलं तरी. हाताने लिहिलं तर दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. परवानगीच्या जागेवरून घेतलेला नमुना वर्तमानपत्रात दाबला की पहिले काही दिवस कागद रोज बदला, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर बुरशी धरते. ठिकाण, तारीख, झाडाची उंची आणि फुलाचा रंग जागेवरच लिहा. सुकल्यावर रंग उडतो आणि उंची नुसत्या फांदीवरून कळत नाही.