‘मुद्दाम करतोय’ असं वाटतं तेव्हा: ऑटिस्टिक वागण्याचा अर्थ लावताना या चुका टाळा

वर्गात बाई वैतागून विचारतात, “तुला वर्गाबाहेर जायचंय का?” मुलगा “हो” म्हणतो आणि उठून बाहेर जातो. वर्ग खिदळतो. बाईंना हा उद्धटपणाचा कळस वाटतो, डायरीत लाल शाईने शेरा येतो. मुलाला विचाराल तर त्याचं म्हणणं साधं आहे: बाईंनी विचारलं, मी खरं उत्तर दिलं. शिवाय बाहेर खरोखरच कमी गोंगाट होता.

ऑटिस्टिक, म्हणजे स्वमग्न, माणसांच्या वागण्याचे बहुतेक चुकीचे अर्थ याच वाटेने निघतात. वागणं समोर दिसतं. हेतू दिसत नाही, तो आपण पदरचा घालतो. घालताना मनात हिशेब एवढाच असतो, की मी असा वागलो असतो तर कशासाठी वागलो असतो? ज्याचे कान, त्वचा, लक्ष आणि भाषा वेगळ्या तऱ्हेने काम करतात, त्याला हा हिशेब लागू पडत नाही. चुकीच्या अर्थाची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागते. शिक्षा होते, ताण वाढतो, ताणामुळे तेच वागणं वाढतं, आणि मग “बघा, मी म्हटलंच होतं” म्हणायला सगळे मोकळे.

पाहिलेलं सोडून वाटलेलं लिहिणं

शाळेच्या वहीत नोंद असते: ‘आज लक्ष वेधून घेण्यासाठी ओरडला. मुद्दाम वही फाडली.’ या दोन वाक्यांवरून कुणालाच पुढे काही करता येत नाही, रागावता तेवढं येतं. तीच गोष्ट अशी लिहून पाहा: ‘गणिताचा तास, सव्वा अकरा. शेजारच्या वर्गात बाकं सरकवण्याचा आवाज चालू होता. त्याने कान झाकले. दोनदा “लिही” असं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना खांद्यावर हात ठेवला. त्याने वही फाडली.’ आता चार धागे हाताशी आले: आवाज, घाईने दोनदा दिलेली सूचना, अचानक झालेला स्पर्श, आणि कदाचित ते गणितच. ‘मुद्दाम’, ‘नाटकं’, ‘आगाऊपणा’ हे शब्द नोंदीत आले की शोध तिथेच थांबतो. पालकांनी शाळेशी भांडण्यात वेळ घालवण्यापेक्षा नोंदीची ही पद्धत मागून घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेकडून सोय मिळवण्याआधी ती नेमकी कशासाठी हवी, हे या नोंदींतूनच कळतं.

मेल्टडाउनला हट्ट समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. मेल्टडाउन म्हणजे ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं. हट्ट करणाऱ्या मुलाचं अर्धं लक्ष प्रेक्षकांकडे असतं. कोण बघतंय, आई नरमली का, याचा अंदाज ते घेत असतं, आणि हवी ती वस्तू मिळाली की आवाज बंद होतो. मेल्टडाउनमध्ये वस्तू हातात दिली तरी काही फरक पडत नाही, कारण मागणी हे त्याचं कारणच नसतं. सहन करण्याची मर्यादा संपलेली असते. ओसरल्यावर मूल गळून जातं, झोपतं, काहींना मधलं नीटसं आठवतही नाही. मोठ्यांनाही मेल्टडाउन येतो. फक्त ते बऱ्याचदा बाथरूमचं दार लावून घेतात.

ऑटिस्टिक मुलं हट्ट करत नाहीत असं नाही, करतातच, मुलंच ती. कधी सुरुवात हट्टाने होते आणि गर्दी, रडणं, चार जणांचं ओरडणं यांच्या भाराने शेवट मेल्टडाउनमध्ये होतो. तेव्हा हे नेमकं काय आहे हे तिथल्या तिथे ठरवण्याच्या फंदात पडू नका. बोलणं कमी करा, माणसं पांगवा, दिवे आणि आवाज कमी करा, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी घाला. समजावणं, सौदे करणं, “आधी सॉरी म्हण” हे सगळं त्या वेळी कानावर नुसता आणखी एक आवाज म्हणून पडतं.

निमित्त फुटकळ असतं, त्यामुळेही फसगत होते. संध्याकाळी नेहमीच्या निळ्याऐवजी पांढरा पेला दिला म्हणून आकांत. बघणाऱ्याला वाटतं, पेल्यावरून एवढं? पण सकाळपासून बसचा हॉर्न, बदललेलं वेळापत्रक, गळ्याशी टोचणारं लेबल, मधल्या सुट्टीतला कल्ला हे सगळं एकावर एक साचत आलेलं असतं. संवेदनांचा हा त्रास काल्पनिक नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने आवाज, स्पर्श, प्रकाश, वेदना यांना अति किंवा फार कमी प्रतिसाद मिळणं हे ऑटिझमच्या निकषांतच घातलं. शाळा सांगते, “आमच्याकडे तर अगदी शहाण्यासारखा असतो.” खरंच असतो. दिवसभर कसंबसं धरून ठेवलेलं घरी, जिथे सुरक्षित वाटतं तिथे, सुटतं.

आणि मग बोट आईकडे वळतं. लाडावून ठेवलंय, धाक नाही. या आरोपाला मोठा इतिहास आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि ऑटिझम हे वेगळं निदान म्हणून पुढे आलं. पुढच्या काळात आईवडिलांच्या, त्यातही आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं हा समज फोफावला. मुलांच्या मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या ब्रूनो बेटलहाइम यांनी तो घरोघरी पोहोचवला. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. त्यांनी १९६४ मध्ये या समजाला सडेतोड उत्तर दिलं, आणि १९७७ मध्ये जुळ्यांवरच्या एका अभ्यासाने आनुवंशिकतेकडे स्पष्ट बोट दाखवलं. तेव्हा दोष थंडपणाचा होता, आता लाडाचा आहे, आरोपी तीच.

मेल्टडाउनची दुसरी बाजू शटडाउन. तिथे आवाज नसतो म्हणून ती कुणाच्या लक्षातच येत नाही. माणूस गप्प होतो, उत्तर देत नाही, हलत नाही. घरात म्हणतात रुसलाय, घुम्या आहे. त्या क्षणी शब्द जुळत नसतात, एवढंच कारण असू शकतं. काही जणांना अशा वेळी बोलता आलं नाही तरी टाइप करता येतं, मान हलवता येते.

नजर न देणं म्हणजे काहीतरी लपवणं

मुलाखतीत, चौकशीत, वर्गात, सगळीकडे ही चूक पक्की बसलेली आहे. डोळ्याला डोळा भिडवत नाही म्हणजे खोटं बोलतोय, किंवा रस नाही, किंवा आखडू आहे. अनेक ऑटिस्टिक माणसं सांगतात की डोळ्यांत बघणं नकोसं होतं, कधी कधी ते अक्षरशः जळजळतं. २०१७ च्या एका मेंदू-स्कॅन अभ्यासात ऑटिस्टिक व्यक्तींना चेहऱ्यातल्या डोळ्यांवरच नजर ठेवायला लावली, तेव्हा मेंदूच्या आतल्या भागांतली भावनिक उत्तेजना प्रमाणाबाहेर वाढलेली दिसली. ही बेपर्वाई म्हणता येणार नाही. “माझ्याकडे बघून बोल” असा आग्रह धरला की बघणं सांभाळण्यात ऐकणं हातचं जातं. ऐकलं की नाही हे तपासायचं असेल तर पुढचं पाऊल काय ते विचारा, नजर मोजू नका.

सपाट आवाज आणि कोरा चेहरा यांचंही असंच होतं. २०१७ मध्येच आणखी एक अभ्यास झाला. ऑटिस्टिक आणि इतर व्यक्तींच्या छोट्या चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. लोकांनी काही सेकंदांतच ऑटिस्टिक व्यक्तींबद्दल वाईट मत केलं, ओळख वाढवायला ते नाखूश दिसले. पण त्याच व्यक्ती जे बोलल्या ते फक्त कागदावर वाचायला दिलं, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे नापसंती बोलण्याबद्दल नव्हती, बोलण्याच्या ढंगाबद्दल होती.

‘यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत’

हे इतक्या सहज बोललं जातं की शंका घ्यायचं सुचत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये प्रश्न उलटा टाकला: न कळणं दोन्ही बाजूंनी असेल तर? २०२० च्या एका प्रयोगात आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती तितकीच शाबूत राहिली जितकी सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र बरीच गळती झाली. तरीही सामाजिक कौशल्यांचे वर्ग अजून एकाच बाजूसाठी भरतात, हे मला चमत्कारिक वाटतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं? मैत्रीण रडत असते, आणि ती ऑटिस्टिक बाई तिला जवळ घ्यायचं सोडून उठते आणि तिचं अडलेलं काम पूर्ण करायला बसते, नाहीतर “माझंही असंच झालं होतं” म्हणून स्वतःची हकिगत सांगू लागते. पाहणाऱ्याला वाटतं, काय ही स्वतःचंच पुराण लावून बसली. ती तिच्या परीने सांगत असते की तुझं दुःख मला ओळखीचं आहे.

प्रश्नाला आव्हान समजणं

साहेब म्हणतात, “हा रिपोर्ट जरा बघून घे.” ऑटिस्टिक कर्मचारी तो बघते आणि परत ठेवते. साहेबांना दुरुस्त्या हव्या होत्या. पुढच्या वेळी ती शहाणी होते आणि विचारते: बघायचं म्हणजे चुका काढायच्या की आकडे पडताळायचे? शुक्रवार म्हणजे सकाळ की संध्याकाळ? तिसऱ्या प्रश्नाला शेजारचा पुटपुटतो, “फाटे फोडते नुसती.” आधी विचारलं नाही म्हणून चूक, आता विचारलं म्हणून चूक. उपाय अगदी स्वस्त आहे: काय, किती आणि केव्हापर्यंत, हे लेखी द्यायचं. घरात “तुला किती वेळा सांगायचं?” याला “तीन वेळा सांगितलंत” असं उत्तर आलं, तर तोही बहुतेक वेळा हिशेबच असतो, टोमणा नसतो.

‘काल जमलं, मग आज का नाही?’

कारण काल झोप झाली होती, खोली शांत होती, सूचना एकच होती. ऑटिस्टिक माणसाची क्षमता दिवसागणिक, तासागणिक वरखाली होते. रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्याला बुटाची नाडी बांधता येत नाही, असंही असतं. एक जमतं म्हणून दुसरं जमायलाच हवं, या अपेक्षेतून ‘आळशी’ हा शिक्का तयार होतो. ‘तुमच्याकडे बघून वाटत नाही हो’ हे कौतुकही याच जातीचं. न वाटण्यासाठी तो माणूस दिवसभर हावभाव, हसू, वाक्यं जुळवत असतो. याला मास्किंग म्हणतात आणि त्याने माणूस अक्षरशः दमून जातो. मुलींचं निदान उशिरा होण्यामागे हे एक कारण मानलं जातं.

हात फडफडवणं, झुलणं याबद्दल थोडक्यात: कुणाला इजा होत नसेल तर थांबवू नका. तो आनंदही असतो आणि स्वतःला शांत करण्याचा मार्गही. तेच ते वाक्य पुन्हा म्हणण्याचंही तसंच. मूल “तुला पाणी हवं का?” असं तुमच्याच सुरात म्हणत असेल, तर बहुधा त्यालाच तहान लागली आहे.

उलट टोकाची चूक: सगळं ऑटिझमच्या खात्यावर टाकणं

निदान झालं की हा धोका सुरू होतो. शांत असणारा मुलगा आठवडाभर स्वतःच्या गालावर मारून घेतोय, आणि घरातले म्हणतात, याचं असंच असतं. दात दुखत असेल. कान, बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, डोकेदुखी, मुलींमध्ये पाळीचा त्रास, झोपेचं खोबरं, शाळेत कुणी छळत असणं, यातलं काहीही असू शकतं. दुखतंय हे सांगता न येणं किंवा दुखतंय हे स्वतःलाच नीट न उमगणं, दोन्ही घडतं. वागणं अचानक बदललं तर थेरपीचे तास वाढवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, आणि “ऑटिझममुळे होतं असं” एवढ्यावर बोळवण झाली तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

सगळं निवळल्यावर ‘का केलंस?’ विचारणं

‘का’ हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आतलं काय झालं ते ओळखायचं, त्याला शब्द द्यायचे आणि समोरच्याला रुचेल असं सांगायचं, ही तिन्ही कामं एकदम करावी लागतात. गप्प राहिलं की पुन्हा ‘उत्तर देत नाही’ हा शेरा. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी, शेजारी बसून, समोरासमोर न बसता, पर्याय द्या: आवाज होता, की भूक, की काम अवघड होतं, की यातलं काहीच नव्हतं? हे कागदावर लिहून दिलं तर आणखी बरं. विचारून झालं की गप्प बसा. दहा-पंधरा सेकंद काहीच आलं नाही तरी प्रश्न शब्द बदलून पुन्हा टाकू नका, नाहीतर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आदल्या दिवशी तुम्ही चुकीचं रागावला असाल तर तेही सरळ सांगा: मला वाटलं तू मुद्दाम केलंस, मला तो आवाज कळला नव्हता.