सीसीएमचा जनुक-रिपोर्ट आला की आधी कागदावर तीन गोल काढा

लालबागच्या आमच्या आत्याच्या घरात मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार आहे. पूर्ण नाव सेरेब्रल कॅव्हर्नस मालफॉर्मेशन, ओपीडीत सगळे सीसीएम म्हणतात. मेंदूतल्या बारीक वाहिन्या जागोजागी फुगून पातळ भिंतींचे घोस तयार होतात आणि त्यांतून रक्त झिरपतं. कुणाला फिट येते, कुणाचं डोकं दुखतं, पुष्कळांना आयुष्यभर काहीच जाणवत नाही. मी माटुंग्याला कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, म्हणून नात्यात कुणाचाही रिपोर्ट आला की तो व्हॉट्सॲपवर माझ्याकडे येतो. तो वाचायची माझी रीत इथे लिहिते. उपचारांचं डॉक्टरांनाच विचारा.

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानाची कोरी बाजू घ्या. एका ओळीत तीन गोल काढा: डावीकडे क्रिट१, मध्ये सीसीएम२, उजवीकडे पीडीसीडी१०. डॉक्टर पहिल्याला सीसीएम१ आणि तिसऱ्याला सीसीएम३ म्हणतील, पण रिपोर्टात बहुधा जनुकाचं नाव छापलेलं असतं, तेव्हा दोन्ही लिहून ठेवा. ही जनुकं १९९९, २००३ आणि २००५ साली ओळखली गेली. पहिली दोन सातव्या गुणसूत्रावर, तिसरं तिसऱ्यावर.

इथे आत्याने विचारलं होतं, "अगं, तीन वेगळी जनुकं, मग आजार एकच कसा?" माझ्या बीएस्सीच्या मुलांना हे सुचत नाही. उत्तर गोलांमधल्या रेघांत आहे: या जनुकांपासून बनणारी प्रथिनं पेशीत एकमेकांना धरून राहतात.

पहिली रेघ क्रिट१ ते सीसीएम२. क्रिट१ हे ७३६ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याच्या अंगावर अ‍ॅस्परजिन-प्रोलिनने सुरू होणारे तीन छोटे तुकडे आहेत. पहिला तुकडा आयकॅप१ नावाचं वेगळंच प्रथिन धरतं, उरलेले सीसीएम२ च्या पीटीबी नावाच्या खोबणीत बसतात. क्रिट१ च्या शेवटाकडे, सुमारे ४२० व्या अमिनो आम्लापासून पुढे, फर्म नावाचा भाग आहे. तो पेशीच्या पडद्यातल्या हेग१ ला आणि आतल्या रॅप१ ला धरतो. म्हणून क्रिट१ च्या वर पेशीची भिंत काढा आणि त्यात हेग१ लिहा, म्हणजे हे त्रिकूट पेशींच्या सांध्यापाशी कशाने अडकून राहतं ते दिसेल.

दुसरी रेघ सीसीएम२ ते पीडीसीडी१०. पीडीसीडी१० तिघांत सर्वांत लहान, २१२ अमिनो आम्लांचं.

आता सीसीएम२ च्या खाली मेकके३ लिहा. मेकके३ हे एन्झाइम आहे, आणि सीसीएम२ त्याला वेसण घालून ठेवतं. त्रिकूट मोडलं की मेकके३ मोकाट सुटतं, मेक५ आणि ईआरके५ या एन्झाइमांमार्फत केएलएफ२ व केएलएफ४ ही जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं वाढतात, पुढे ऱ्होए आणि रॉक ही पेशीचा सांगाडा आवळणारी प्रथिनं जोरात येतात, आणि वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींमधले सांधे ढिले पडतात. कोणताही गोल खोडला, म्हणजे ते प्रथिन गेलं, तरी वाट इथेच येते. आत्याला हे पटलं.

पीडीसीडी१० च्या उजवीकडे मात्र थोडी जागा ठेवा. त्याची प्रथिनांच्या आणखी एका टोळीशी सोयरीक आहे: एसटीके२४, एसटीके२५, एसटीके२६ आणि स्ट्रायटिन. त्याचा गोल खोडला की तिकडचीही रेघ तुटते. या जनुकाच्या घराण्यांत रक्तस्राव लहान वयात आणि जास्त दिसतो, त्याचं हे एक कारण असावं असं मानतात. अशा रुग्णांत मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) आणि पाठीच्या कण्याचा बाकही आढळतो, म्हणून हे नाव दिसलं तर तो विषय डॉक्टरांकडे मुद्दाम काढा.

परळच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत एवढी आकृती आरामात होते. आता रिपोर्टातली बदलाची ओळ बघा. शेवटी तारा (*), 'टर' किंवा 'एफएस' असेल, म्हणजे प्रथिनाचं वाचन मध्येच थांबत किंवा सरकत असेल, तर त्या प्रतीचा संदेश पेशी बहुतेक वेळा नष्टच करते आणि प्रथिन बनतच नाही. तेव्हा "फर्मच्या आधी तुटलं की नंतर" हा हिशेब करत बसू नका, अख्खा गोल खोडा. घराण्यातून आलेले क्रिट१ चे बदल बहुतेक याच जातीचे असतात. एकाच अमिनो आम्लाच्या जागी दुसरं आलं असेल तरच जागा शोधा. युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन कोशात क्रिट१ चा क्रमांक ओ००५२२ आहे, तिथे भागांचे आकडे मिळतात. उदाहरणार्थ सीसीएम२ मध्ये १९८ व्या जागी ल्यूसिनऐवजी आर्जिनिन आलं की पीटीबी खोबणी बिघडते आणि पहिली रेघ तुटते. क्रिट१ मधले काही असे साधे दिसणारे बदल खरं तर संदेशाची जोडणीच बिघडवतात, हेही विचारून घ्या.

घरात आजार उघड दिसतोय आणि रिपोर्ट निगेटिव्ह आलाय? मग एमएलपीए, म्हणजे जनुकाचे तुकडे कमी-जास्त झालेत का ते मोजणारी चाचणी, केली का, हे विचारा. जनुकाचा मोठा तुकडाच गळाला असेल तर साध्या सिक्वेन्सिंगमध्ये तो निसटू शकतो, आणि सीसीएम२ मध्ये असे तुकडे गळतात.

आकृतीवरून भविष्य मात्र सांगू नका. जन्मतः एक प्रत बिघडलेली असते, दुसरी पुढे कधीतरी वाहिनीच्या एखाद्या पेशीत बिघडते, आणि तिथे घोस वाढतो. म्हणून प्रत्येक गोल दुहेरी रेघेने काढलेला बरा. आमच्या दादाच्या एमआरआयमध्ये ठिपकेच ठिपके, त्रास शून्य. त्याच्या धाकट्या बहिणीला मोजकेच ठिपके, पण फिट तिला आली. बदल दोघांचा एकच. एमआरआय काढताना त्यात एसडब्ल्यूआय (झिरपलेल्या रक्ताच्या खुणा टिपणारी एमआरआयची पद्धत) आहे ना, हे पाहा, कारण बारीक ठिपके त्यातच दिसतात. अँजिओग्राफीत हे घोस सहसा दिसत नाहीत. प्रत्येक अपत्याला बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो वा मुलगी.

आणि रिपोर्टात 'व्हीयूएस' लिहिलं असेल, म्हणजे बदल सापडला पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरलेलं नाही, तर गोल खोडू नका, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. घरातल्या आजार असलेल्या दुसऱ्या माणसाच्या रक्तात तीच जागा तपासायला सांगा, आणि वर्षा-दोन वर्षांनी लॅबला तो बदल पुन्हा पडताळायला लावा.