कानापुढची कळ आणि माझा मोबाईल

लातूरला खोली करून परीक्षेची तयारी करत होतो. हुरड्याच्या दिवसांत गावी गेलो. शेतात पहिलीच मूठ तोंडात टाकली आणि उजव्या कानापुढं अशी कळ आली की बाकीचा हुरडा तसाच ठेवला. जांभई दिली की कट्ट आवाज यायचा. मायनं कान दुखतोय समजून तेल कोमट करायला ठेवलं, पण दुखणं कानात नव्हतंच.

दंतवैद्यांनी कानापुढं बोटं ठेवून तोंड उघडायला लावलं. "जबड्याचा सांधा आहे. उभी 3 बोटं मावायला हवीत." माझी 2 मावली. "मोबाईल कसा बघतोस?" मी करून दाखवलं: पालथा, हनुवटी तळहातावर, मान वाकडी. वर नकळत दात आवळलेले. एकट्या मोबाईलला दोष देऊ नकोस, परीक्षेचा ताणही आहे, असं ते म्हणाले. मला ते पटलं.

मोबाईल पुस्तकांच्या थप्पीवर, डोळ्यांसमोर ठेवला. मागं चिठ्ठी चिकटवली: 'दात सोड'. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ हलकेच टाळूला, हीच जबड्याची विश्रांती. सवय लागायला फार दिवस गेले, सगळ्यात अवघड हेच होतं. भाकरी वरणात कुस्करून खाल्ली, रात्री 15 मिनिटं गरम शेक.

तिसऱ्या आठवड्यात कळ ओसरली. कट्ट आवाज अजून कधीमधी येतो; दुखत नसेल तर काळजी नको, असं डॉक्टरांनी सांगितलंय. जबडा अडकून तोंड उघडेनासं झालं तर मात्र लगेच दाखवा.