'साभार परत' आणि 'स्वीकृत': साहित्य मंडळात सांगताना या चुका टाळा

सांगली, मिरज, कराड, विटा, सातारा. गाव कुठलंही असो, आठ-दहा लिहिणारी माणसं महिन्यातून एकदा वाचनालयाच्या खोलीत जमली की दोन बातम्या हमखास येतात. कुणाची कथा दिवाळी अंकात लागलेली असते, कुणाच्या कविता साभार परत आलेल्या असतात. पहिलीवर टाळ्या पडतात, दुसरीवर 'जाऊ द्या हो ताई, संपादकांना कळत नाही' असं कुणीतरी म्हणतं. तेवढ्यात चहा येतो आणि विषय संपतो. काय पाठवलं होतं, कुठं, कधी, किती शब्दांचं, आणि उत्तर नेमक्या कोणत्या शब्दांत आलं, हे कुणी विचारतच नाही. मग धीर देणारी माणसं असूनही पुढच्या वर्षी तीच चूक दुसरा कुणीतरी करतो.

नुसतं 'परत आलं' म्हणू नका

या दोन शब्दांत चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, सगळ्यांना जातं तसं ठरावीक उत्तर. त्यातून लेखनाबद्दल काहीच कळत नाही, त्यामुळं त्यावर रात्र जागवू नये. आठवड्याच्या आत दुसरा अंक ठरवावा. दोन, 'या अंकाच्या विषयात बसत नाही'. ही बहुतेक वेळा अंक न चाळता पाठवल्याची खूण असते. त्या अंकाचे मागचे दोन-तीन अंक वाचनालयात बसून बघावेत, कथा किती पानांच्या घेतात ते मोजावं. तीन, काहीच उत्तर नाही. मासिकाला तीन महिन्यांनी दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवायला हरकत नसते. दिवाळी अंक बाजारात आला आणि त्यात नाव नसेल, तर परत आलं असंच धरायचं.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोलाची: संपादकानं दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या असतात. 'मधला भाग लांबला आहे', 'शेवट पुन्हा पाहा'. मंडळात याचंही सांत्वनच होतं, आणि हे फार चुकीचं आहे. शेकडो हस्तलिखितं समोर असताना त्या माणसानं तुमच्यासाठी वेळ काढलेला असतो. पण त्याच रात्री चार वाक्यं बदलून मजकूर परत धाडू नका. सुधारून पाठवू का, हे आधी विचारा. होकार आला तर मजकूर दोन आठवडे बाजूला ठेवा, मग बदला, आणि पहिला खर्डा न वाचलेल्या एखाद्या सभासदाकडून वाचून घ्या. पहिला खर्डा वाचलेल्याच्या डोक्यात जुनी कथा असते, त्यामुळं नव्यात राहिलेली खिंडारं त्याला दिसत नाहीत.

चांगलं सांगणं कसं असतं ते पाहा: 'कथा, २४०० शब्द. १० जूनला ईमेलनं पाठवली. २ ऑगस्टला उत्तर आलं: मधला भाग लांबला. सुधारून पाठवू का विचारलं, हो म्हणाले.' एवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की हा अंक साधारण सात-आठ आठवड्यांत उत्तर देतो आणि दुसरा खर्डा बघायला तयार असतो. 'अण्णा, परत आली हो माझी कथा' यातून फक्त वाईट वाटतं.

उत्तर यायच्या आधीच तोच मजकूर दुसरीकडं पाठवायचा असेल, तर पहिल्या ठिकाणी 'हे साहित्य मी मागे घेत आहे' असं आधी लेखी कळवा. हे राहून गेलं आणि एकच कविता दोन अंकांत आली, तर दोन्ही दारं बंद होतात.

आनंदाच्या भरात मजकूर 'प्रकाशित' होतो

व्हॉट्सॲप गटावर अख्खी कथा चिकटवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. बारा जणांच्या बंद गटातून ती कुणाच्या तरी भावाकडं जाते, तिथून गावाच्या गटावर, आणि तोवर लेखकाचं नाव गळून पडलेलं असतं. बरेच अंक आणि स्पर्धा 'पूर्वप्रकाशित नसावे' अशी अट घालतात, आणि समाजमाध्यमांवर आलेलं लेखन त्यात धरणारेही अनेक आहेत. मत हवं असेल तर बैठकीत सहा छापील प्रती वाटा आणि उठताना परत घ्या. फोनवरच द्यायचं असेल तर प्रत्येक पानावर नाव असलेली पीडीएफ एकेकाला द्या. कथा आधीच बाहेर गेली असेल, तर पाठवतानाच संपादकांना तसं सांगा. फेसबुकवरची पोस्ट काढून टाकली म्हणून मजकूर पुन्हा अप्रकाशित होत नाही.

संपादकाच्या पत्राचा फोटोही गटावर टाकू नये. पत्र तुमच्या हातात असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार साधारणपणे लिहिणाऱ्याचा असतो. शिवाय ते तुमच्यापुरतं लिहिलेलं असतं. सारांश तोंडी सांगितला की काम भागतं.

यश सांगताना

फोनवर 'घेतोय' म्हणाले म्हणजे छापलं असं नव्हे. जाहिराती कमी पडल्या की दिवाळी अंकाची पानं कमी होतात आणि घेतलेला मजकूरही मागे राहतो. मंडळात जरूर सांगा, पण चारचौघांत जाहीर करायला अंक हातात येऊ द्या.

पैसे भरून छापलेलं असेल तर तसंच सांगा. 'प्रातिनिधिक संग्रहात निवड झाली' एवढंच ऐकून नवा कवी दुसऱ्या दिवशी शुल्क भरतो, कारण निवड म्हणजे काय हे त्याला तुम्ही सांगितलेलं नसतं. पैसे भरून छापण्यात गुन्हा काही नाही, पण रक्कम किती, प्रती किती मिळाल्या, कुणाला नाकारलं का, हे सांगा. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी, वेगळे पैसे मागितले तर लगेच सावध व्हा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय संस्थेकडून प्रकाशकाला आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही विनामूल्य मिळतो.

पुस्तकाचा करार आला असेल तर सही करण्याआधी तो मंडळात वाचा, नंतर नव्हे. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. 'सर्व हक्क कायमचे' हे शब्द दिसले की तिथंच थांबायचं.

सर्वांत अवघड वेळ कुठली, तर एकाच अंकानं एकाची कथा घेतली आणि शेजारी बसणाऱ्याची परत केली ती. ज्याची लागली त्यानं आदल्या दिवशी फोन करून सांगावं. बैठकीत सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळलं तर त्या माणसाला हसून टाळ्या वाजवाव्या लागतात, आणि पुढच्या महिन्यात तो येत नाही.

बैठकीची रीत

परत आलेल्यांपासून सुरुवात करा, टाळ्यांनंतर अपयश सांगायला जीभ रेटत नाही. त्यातही आटपाडी, जतकडून आलेल्यांना आधी बोलू द्या, त्यांना शेवटची एसटी गाठायची असते. माणशी सहा-सात मिनिटं पुरतात. बोलणाऱ्याला आधी विचारा: मत हवंय की नुसतं ऐकून घ्यायचंय? ज्येष्ठांनी स्वतःचं साभार परत आलेलंही सांगायलाच हवं. ते गप्प राहिले की नवख्याला वाटतं, आपलंच तेवढं परत येतं.

एक दोनशे पानी वही ठेवा: अंक, साहित्यप्रकार, शब्दसंख्या, पाठवल्याची तारीख, उत्तराची तारीख, उत्तरातले शब्द. लेखकाचं नाव नको. दोन वर्षांत कोण किती दिवसांनी उत्तर देतं याचा अंदाज त्यातून मिळतो.

दिवाळी अंकांचं बरंचसं साहित्य जून ते ऑगस्टमध्ये मागवलं जातं, आणि नेमकी तेव्हाच कृष्णा वाढते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की नदीकाठच्या सभासदांना घरचं सामान हलवायचं असतं, बैठक कुठली सुचते. म्हणून काय कुठं पाठवायचं ही बैठक जूनच्या पहिल्या रविवारी उरकून घ्या. वही मात्र तळमजल्याच्या कपाटात ठेवू नका. २०१९च्या पुरात सांगलीत कितीतरी पुस्तकं आणि कागद भिजून गेले; दर बैठकीनंतर वहीच्या नव्या पानाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये असू द्या.